फौजेच्या पुढे

चिलीची फौज पेरू देशावर चालून आली, तेव्हा आमच्या पलटणीवर लिमाहून बेलाउंदे नावाचा नवा कॅप्टन आला. पहिल्याच दिवशी त्याने फर्मान काढलं, "बायकांनी फौजेबरोबर चालायचं नाही. त्यांच्यामुळे फौज रखडते."

रखडते म्हणे! नवरे नुसत्या बंदुका वाहतात. त्यांचं पोट आम्ही पाठीवर वाहतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका पहाटेच उठलो, पातेली पाठीला बांधली आणि वाळवंटातून पुढे निघालो. संध्याकाळी पलटण पाय ओढत झऱ्यापाशी पोचली, तर ओझी वाहणाऱ्या लामा जनावरांच्या लेंड्यांच्या जाळावर बटाट्याचा आणि सुक्या मांसाचा रस्सा रटरटत होता. माझा नवरा निकासिओ गालातल्या गालात हसला.

कॅप्टन माझ्यावर खेकसला, "ए बये, हुकूम ऐकला नव्हतास?"

"ऐकला की साहेब. पण बरोबर कुठे चाललो? पुढे आलो. वाडगं आणा, निवतंय."

त्याने दोनदा रस्सा मागून घेतला.

दुसऱ्या पहाटे मी पातेलं बांधत होते, तर कॅप्टन नकाशाची गुंडाळी काखोटीला मारून आला. कुणी बघत नाही ना, याची खात्री करून हळूच म्हणाला, "तोमासाबाई, आज आपला मुक्काम कुठे?"