पुत्तनपुरा

औसेप माश गणिताचे मास्तर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी समोरच्याने अजून बे एके बेच्या पुढे मजल मारलेली नाही, अशी त्यांची समजूत आहे. त्या दुपारी ते मी सांभाळते त्या गावच्या वाचनालयात लॅपटॉप काखोटीला मारून आले आणि माझ्या टेबलावर त्यांनी तो आदळला.

"रम्ला मोळे," ते म्हणाले. मोळे म्हणजे पोरी. "जागा संपली. उद्या आन्नम्माची गाणी रेकॉर्ड करायचीत, आणि हा म्हणतो डिस्क भरली."

आन्नम्मा ब्याण्णव वर्षांच्या. लग्नातली जुनी गाणी येणाऱ्या गावातल्या शेवटच्या. माशांची बायको त्रेस्याम्मा, आम्हा सगळ्यांची चेची म्हणजे ताई, अकरा वर्षं अशा म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून गाणी गोळा करतेय. त्यातल्या बहुतेक जणी आता नाहीत. गाणी फक्त या लॅपटॉपमध्ये. पेनड्राइव्हवर उतरवली होती दोनदा, पण दोन्ही पेनड्राइव्ह माशांनी जपून ठेवले, म्हणजे हरवले.

"यात लॅपटॉप चालवणाऱ्या प्रणाली दोन आहेत, दोन्ही लिनक्स," माश म्हणाले. "एक जुनं, आमचं. एक भाच्याने, बिजूने, नवं टाकलं. तिकडे कुणी फिरकत नाही. ते नवं पुसून टाक."

"नवं कुठलं?"

"नवं ते नवं. एवढंही कळत नाही?"

लॅपटॉप चालूच होता. मी काळी खिडकी उघडून lsblk -f असं टाइप केलं. डिस्कचे सगळे भाग ओळीने उभे राहिले. दोन भाग सारख्याच आकाराचे, सारख्याच जातीचे. फरक फक्त नावांत. एकाचं नाव किळक्केतिल, माशांच्या घराचं नाव. दुसऱ्याचं पुत्तनपुरा. म्हणजे नवं घर.

"मिळालं! पुत्तनपुरा," मी म्हणाले.

"बघ. बिजूने नावसुद्धा सरळ दिलंय," माश खूश झाले.

आमच्याकडे प्रत्येक गल्लीत एक पुत्तनपुरा असतं आणि शंभर वर्षांचं असलं तरी ते नवंच असतं, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. पण पडद्यावर अक्षरं दिसली की माझी अक्कल गहाण पडते. मी तो भाग पुसायचा हुकूम टाइप केला.

"पुत्तनपुराचं काय चाललंय?" दारातून आवाज आला. चेची वाचनालयातल्या संध्याकाळच्या बैठकीसाठी पळंपोरीचा, म्हणजे केळ्याच्या भज्यांचा, डबा घेऊन आली होती.

"पुसतोय," माश म्हणाले. "रिकामं आहे."

डबा टेबलावर आपटला. "माझं माहेर पुसताय?"

मी एंटरवरचं बोट विस्तवावरून उचलावं तसं उचललं.

"अहो, जुनं ते माझं! गाणी त्यातच आहेत. बिजूने नवं टाकलं ते तुमच्यासाठी. रोज त्यातच बसून असता. एक्केचाळीस वर्षांत सासरवाडीच्या घराचं नाव नाही लक्षात राहिलं?"

"तिथे फारसं जाणं झालं नाही," माश पुटपुटले.

"फारसं? एक रात्र नाही राहिलात! जेवलात की निघालात, म्हणे उद्या शाळा आहे. आता राहायचं म्हटलं तर कुठे राहाल? रस्ता रुंद केला तेव्हा पाडलं ते. म्हणून इथे नाव देऊन ठेवलं होतं."

मला फार लाज वाटली. टाइप केलेला हुकूम मी एकेक अक्षर खोडत मागे आले. माश चष्मा पुसत बसले.

"रम्ला," शेवटी ते म्हणाले, "किळक्केतिल काढ."

"त्यात तुमचं काय आहे?"

"बुद्धिबळात हरलेले डाव. नऊ वर्षांचे. जाऊ देत."

"पण माश, लॅपटॉप आत्ता किळक्केतिलवरच चालतोय. किळक्केतिलमध्ये बसून किळक्केतिल पाडता येत नाही. आधी पुत्तनपुरात जावं लागेल."

चेचीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते कळेना.

माशांनी स्वतः लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, सुरुवातीच्या यादीतली पुत्तनपुराची ओळ निवडली. पडदा उजळला. चेचीने त्यांच्या खांद्यावरून हात पुढे करून एक फाइल उघडली आणि कुणा म्हातारीचा कापरा आवाज वाचनालयभर पसरला.

"ही कोण?" माशांनी विचारलं.

"माझी आई."

माश गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. मग खुर्ची थोडी पुढे ओढत म्हणाले, "आता इथेच राहायचं म्हणजे... माझी खोली कुठली?"

"ओसरीवर झोपा," चेची म्हणाली. "इतक्या उशिरा आलेल्या जावयाला आमच्याकडे ओसरीच मिळते."