तटावर कोरलेले नाव

मित्रांनो, माझ्या टोकाकडे बघा, बोथट झाले आहे. मी वीतभर लांबीची एक जुनी छिन्नी आहे. चाळीस वर्षांपूर्वी नागपूरच्या लकडगंजात एका लोहाराने ट्रकच्या भंगार पोलादातून मला घडवले आणि देवाजींच्या हाती दिले.

देवाजी दगडावर नावे कोरत. विहाराच्या देणगीदारांची नावे, शाळांच्या कोनशिला, घरांवरच्या पाट्या, सारे आम्ही मिळून केले. लोक अक्षरांवरून बोट फिरवत आणि "वा, देवाजी!" म्हणत. तेव्हा मलाही ऐट वाटे. पुढे मशीनवर पाट्या निघू लागल्या आणि मी महिनोन्‌महिने पिशवीत पडून राहू लागले.

गेल्या हिवाळ्यात त्यांची नात मेघा त्यांना दीवला घेऊन गेली. देवाजींच्या पत्नी, मीराबाई, वर्षभरापूर्वी वारल्या होत्या. समुद्र बघायची त्यांची इच्छा राहून गेली होती. निघताना देवाजींनी मला आणि लहान हातोडीला कापडात गुंडाळून सोबत घेतले. मेघाला ते ठाऊक नव्हते.

दीवचा किल्ला लाटांना अंगावर घेत उभा आहे. मेघा फोटो काढायला बुरुजावर गेली, तेव्हा देवाजी तटाच्या एका कोपऱ्यात बसले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि मला बाहेर काढले.

"मीरा, आता पाह्यत राय समुद्र," ते पुटपुटले.

खाऱ्या वाऱ्याने तो दगड आधीच ठिसूळ झाला होता. पहिल्याच घावाला त्याचा ढलपा उडाला. मला तेव्हाच कळायला हवे होते. पण खरे सांगते, इतक्या दिवसांनी काम मिळाल्याचा मला आनंद झाला होता. चार अक्षरे कोरून झाली: मीराबाई. देवाजी डोळे मिटून तिथेच टेकले.

खरखर आवाजाने त्यांनी डोळे उघडले. सात-आठ वर्षांची एक मुलगी केसांतल्या पिनेने शेजारच्या दगडावर स्वतःचे नाव ओरखडत होती.

"चिन्मयी! किल्ल्याच्या भिंतीवर लिहितात का?" तिची आई ओरडली.

"मग या आजोबांनी कसं लिहिलं? बघ ना, किती छान आहे!"

आईने ते नाव पाहिले, देवाजींच्या हातात मला पाहिले. मुलीचा हात धरून ती निघून गेली. देवाजींची मान खाली गेली.

तेवढ्यात मेघा आली. "आबा, काय करून राहिले तुम्ही?" मग तिने नाव वाचले. "आजीले आवडलं असतं हे?"

मीराबाई विहाराच्या भिंतीवरची पेन्सिलची रेघसुद्धा ओल्या फडक्याने पुसून काढत. आजूबाजूला कोणी नव्हते, गुपचूप निघता आले असते.

"चाल वं," ते म्हणाले, "पहारेकऱ्याले सांगून येऊ."

पहारेकऱ्याने त्यांच्यासोबत येऊन ती अक्षरे पाहिली. देवाजींनी विचारले, "घिस के निकाल दूँ क्या, भाऊ?"

"नहीं बाबा, और मत छीलो," तो म्हणाला आणि त्याने वहीत नाव-पत्ता लिहून घेतला. आपले नाव सांगताना देवाजी अडखळले.

परतल्यावर शेजारच्या गोपाळरावांनी विचारले, "कसा होता गा किल्ला?"

देवाजींनी मेघाच्या फोनवरचा त्या नावाचा फोटो दाखवला. "किल्ला चांगला होता. हे पाहा, मी काय करून आलो त्याचं."

आता जो कोणी सहलीविषयी विचारतो, त्याला ते हाच फोटो दाखवतात. दर वेळी त्यांचे कान लाल होतात, तरी दाखवतात.

मित्रांनो, मला तर तोंड लपवायलाही जागा नाही. तुम्ही किल्ल्यावर जाल तेव्हा ज्यांची आठवण येईल त्यांच्याविषयी एकमेकांशी बोला, हवे तर रडा. पण भिंतीला हात लावाल तो फक्त तळव्याने. तो खारा वारा आमची अक्षरे एक दिवस मिटवीलही. पण मी जिथे घाव घातला, तिथूनच आता तो तटाच्या आत शिरतो आहे.