पंचावन्नचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना वेगनियंत्रक आहे. माझे नाव तुम्ही ऐकले नसेल, त्याचा मला राग नाही. ज्या बोटीवर मी बसलो आहे तिच्यावरचे लोकसुद्धा मला नुसते ‘डबा’ म्हणतात.

ही बोट पाण्यावर घसरणाऱ्या खेळाडूला दोरीने ओढते. बोट मधून सरळ जाते. खेळाडू दोन्ही पाय एकाच फळीवर रोवून डावीकडे-उजवीकडे झेपावत सहा तरंगत्या लाल गोळ्यांना वळसा घालतो. प्रत्येक वळणाला दोरी बोटीला मागे खेचते. मग हाताने चालवलेली बोट कधी रेंगाळते, कधी उधळते. ती एकाच वेगाने पळवणे हे माझे काम. बोटीच्या तळाशी पात्यांचे एक छोटे चाक पाण्यात फिरते आणि मला वेग कळवते. वेग कमी झाला की मी इंजिनाची तार ओढतो, जास्त झाला की सैल सोडतो. म्हणजे माझे डोळे म्हणाल तर ते एक चाक. त्याने सांगितलेले मी निमूटपणे खरे मानतो.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. जाड चष्म्याच्या एका बाईंनी माझ्या तारांना डाख दिला आणि पाठीवर ‘तपासले’ अशी चिठ्ठी डकवली. त्या दिवशी मी फार मिरवलो.

मग मी या कुटुंबाकडे आलो. वडील बोट चालवत. आई पाठमोरी बसून मागच्या खेळाडूवर नजर ठेवी. खेळाडू म्हणजे त्यांची मुलगी. घरात तिला सगळे ‘छोटी’ म्हणत, जरी ती उंचीने वडिलांच्या कानापर्यंत आली होती. मुलीचे मामा बोटी दुरुस्त करत. मला बसवले तेही त्यांनीच. ते हातात घड्याळ धरून बसत. ताशी पंचावन्न किलोमीटरच्या वेगाने, गोळ्यांच्या आधीच्या तरंगत्या फाटकापासून गोळ्यांनंतरच्या फाटकापर्यंत सोळा सेकंद आणि पंचाण्णव शतांश लागले पाहिजेत. तेवढेच लागले की मामा माझ्या डोक्यावर टिचकी मारत आणि म्हणत, “डबा शहाणा आहे.” माझ्या पोटात दुरुस्तीचा एक आकडा असतो. चाक कमी-जास्त सांगू लागले तर तो बदलून मला खऱ्यावर आणायचे. आमच्या बोटीवर तो शून्य होता. मामांना याचे कोण कौतुक!

पुढे मामांची कंबर धरली. बोटीचे दणके त्यांना सोसेनात.

“भाऊजी, आठवड्यातून एकदा तरी घड्याळ लावत जा,” ते वडिलांना म्हणाले, “आणि चाकातलं शेवाळ रोज काढा.”

“अरे, मशीन आहे ना आता,” वडील हसून म्हणाले. “रोज रोज परीक्षा कशाला त्याची?”

वडील वाईट नव्हते, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. पण मोठी स्पर्धा महिन्यावर आली होती आणि छोटी पाचव्या गोळ्याशी अडकत होती. एका सकाळी मायलेकी यायच्या आधी ते माझ्यासमोर बसले. माझी दोन बटणे दाबून धरली आणि शून्याच्या जागी अर्धा टाकला. आता माझ्या काचेवर पंचावन्न दिसे आणि बोट साडेपंचावन्नने धावे.

“सराव जोरात झाला की स्पर्धा पोरखेळ वाटेल तिला,” ते स्वतःशीच पुटपुटले.

मला तोंड नाही. असते तर मी तेव्हाच बोंब ठोकली असती.

पुढच्या आठवड्यात अर्ध्याचा एक झाला. मग दीड. मग दोन. छोटी पूर्वी काठावर येताच बडबड करायची, ती आता गप्प बसून मनगटे चोळू लागली.

“बाबा, बोट जोरात चाललीये का?” तिने एकदा विचारले.

“पंचावन्नच आहे. ये, स्वतः बघ.”

ती पाण्यातून वर चढली, माझ्यावर ओणवी झाली. माझ्या काचेवर तिच्या केसांतले पाणी टपकले. तिने पंचावन्न वाचले आणि मान हलवली.

“मग मीच कमी पडतेय,” ती म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दोनाचे अडीच झाले.

त्या दिवसांत पाणी उतरले होते आणि तळाचे शेवाळ वर येऊ लागले होते. त्याचा एकेक धागा माझ्या चाकाला रोज थोडा थोडा गुंडाळला जात होता. कुणी वाकून पाहिले नाही. मीही काय ओळखणार? चाक मंद फिरले की मला वाटे, बोट मंदावली. मी आणखी तार ओढी. अडीच आधीच चढवलेले आणि त्यात ही शेवाळाची भर.

त्या सकाळी वारा पडला होता. पाणी काचेसारखे होते. छोटीने दोरी ताणली, बोट निघाली.

“इंजिन असं का ओरडतंय?” आईने विचारले.

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. “पंचावन्न आहे,” ते म्हणाले. तरी त्यांचा हात वेगाच्या दांड्यावर गेला. आकडा पुन्हा पाहून त्यांनी तो मागे घेतला.

पहिला गोळा गेला. दुसरा. तिसऱ्याला छोटी उशिरा वळली आणि चौथ्याकडे जाताना दोरीने तिला असे हिसडले, की फळी एकीकडे गेली आणि ती दुसरीकडे. आई किंचाळली. वडिलांनी दांडा मागे ओढला, पण तोवर सगळे होऊन गेले होते.

तिच्या गुडघ्याच्या आत काहीतरी तुटले होते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली.

दोन महिन्यांनी ती कुबड्यांवर धक्क्यावर आली. मामांनी बोटीखाली हात घालून मूठभर शेवाळ बाहेर काढले.

“शेवाळानं घात केला बघ,” वडील घाईने म्हणाले. सुटल्यासारखे वाटले त्यांना.

मामांनी चाक स्वच्छ केले, वडिलांना बोट काढायला लावली आणि कंबरेला पट्टा बांधून स्वतः घड्याळ घेऊन बसले. माझ्या काचेवर पंचावन्न होते. मामांच्या घड्याळावर सोळा पंचाण्णवऐवजी सोळा बावीस आले. परत फिरून तेच केले. पुन्हा सोळा बावीस. धक्क्याला लागताच त्यांनी माझी दोन बटणे दाबली.

“अडीच,” ते म्हणाले. “भाऊजी, हे कुणी घातलं?”

छोटी धक्क्यावरून माझ्याकडे पाहत होती.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “मी तुम्हाला विचारलं होतं.”

वडिलांनी बटणे दाबत आकडा खाली आणला. दोन, एक, शून्य. “हे बघ, छोटे. केलं शून्य. आता एकदम खरं आहे.”

“असेल,” ती म्हणाली. “पण ते तुम्हीच सांगताय ना.” आणि कुबड्या टेकत ती निघून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची चाके स्वच्छ ठेवा आणि अधूनमधून आम्हाला घड्याळ लावा, इतके माझे मागणे आहे. आम्ही चुकतो. पण आम्हाला मुद्दाम खोटे शिकवू नका, कारण आम्ही ते बिनचूक बोलतो. माझे ऐकाल ना? आता वडील रोज सकाळी एकटेच बोट काढतात. काचेवर पंचावन्न असते, घड्याळात सोळा पंचाण्णव येतात, आणि मागे मोकळी दोरी पाण्यावर आपटत येते.