वाल्बुर्गाची नोंद

उत्कर्षा गजभिये जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या मोटार कारखान्यात इंजिनीयर होती, दुभाषी नव्हती. हे तिने घरमालकीणबाईंना, फ्राऊ आयबलना, दोनदा सांगून पाहिलं होतं. पण ब्याऐंशी वर्षांच्या आयबलबाईंना इंग्रजीचा गंध नव्हता आणि अमेरिकेहून येणाऱ्या पाहुणीला जर्मनचा. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी उत्कर्षा आयतीच सापडली.

"आल्झो, ठरलं तर, शनिवारी दहा वाजता," बाई म्हणाल्या आणि विषय संपला.

डार्लीन स्टॅडलर नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांतून आली होती. वय अडुसष्ट, हातात चार बोटं जाडीचं पुस्तक. स्वतः लिहून छापून घेतलेला घराण्याचा इतिहास. तिचे पणजोबा गेऑर्ग १८८५ साली रेगेन्सबर्गजवळच्या याच गावातून, याच घरातून अमेरिकेला गेले, असं चर्चच्या कार्यालयाने तिला कळवलं होतं.

"आम्ही इथल्या सरदारांपैकी असणार," डार्लीन म्हणाली.

उत्कर्षाने ते जर्मनमध्ये सांगितलं. फ्राऊ आयबल केक कापत होत्या. "गेऑर्ग आमच्याकडे गडी होता. गोठ्यावरच्या माळ्यावर झोपायचा. सांगा तिला."

उत्कर्षाने सांगितलं.

"गडी? काहीतरी गोंधळ होतोय. परत विचारा ना."

परत विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. गडी तो गडीच राहिला. मग डार्लीनने पुस्तक उघडलं आणि ऑटोची अकरा मुलं, ऑगस्टची पवनचक्की, कुठल्या चुलतभावावर कुठे वीज पडली, हे सगळं पानोपान वाचायला घेतलं. उत्कर्षाच्या डोक्याची मंडई झाली. कॉफी गार झाली. वर मशीनमध्ये धुतलेले कपडे तसेच पडले होते.

"आणि तुमचं घराणं? कुठपर्यंत मागे जातं?" डार्लीनने मध्येच उत्कर्षाला विचारलं.

"आजोबांपर्यंत."

"बस, एवढंच?"

"त्यांची जन्मतारीखसुद्धा शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवली. एक जून. त्यांच्या आधीच्यांची नोंद कुणी ठेवलीच नाही."

"ओह," म्हणून डार्लीनने पान उलटलं. ते पुस्तक तिच्या हातातून काढून घ्यावं, असं उत्कर्षाला क्षणभर वाटून गेलं.

चौदाव्या पानावर लिहिलं होतं, की गेऑर्गने भुकेपायी गाव सोडलं तेव्हा सगळं गाव रडत वेशीपर्यंत आलं. हे उत्कर्षाकडून ऐकताच फ्राऊ आयबलनी सुरी खाली ठेवली.

"कुणीही आलं नव्हतं. पहाटे पळाला तो. माझी पणजी वाल्बुर्गा या घरची मुलगी. तिला पाचवा महिना होता. सांगा."

"ते जरा अवघड परिस्थितीत गेले," उत्कर्षा इंग्रजीत म्हणाली.

"माझं वाक्य इतकं छोटं नव्हतं," फ्राऊ आयबल म्हणाल्या.

मग मात्र उत्कर्षाचा संयम सुटला. "ऐका," ती डार्लीनला म्हणाली. "तुमचे पणजोबा पळून गेले. एका मुलीला दिवस गेले होते, तिला टाकून. तिचं नाव वाल्बुर्गा. तिच्या मुलाची नात तुमच्यासमोर बसली आहे."

 डार्लीनने भराभर पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नेब्रास्कातलं गेऑर्गचं पहिलं अपत्य, मुलगी, १८८८. नाव वाल्बुर्गा.

"हे नाव कुठून आलं, ते घरात कुणालाच कळलं नव्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "माझी पणजी स्वीडिश. ती त्या लेकीला जन्मभर नुसतं 'ए मुली' म्हणत आली."

हे जर्मनमध्ये सांगताना उत्कर्षाचा आवाजही खाली आला. आता म्हातारी विरघळेल, असं तिला वाटलं. पण फ्राऊ आयबल रागाने लालबुंद झाल्या.

"नाव दिलं म्हणे! नावाने पोर वाढतं का? माझ्या आजोबांना शाळेत पोरं काय म्हणून चिडवायची, तो शब्द मी तोंडातून काढणार नाही." त्या आत गेल्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीची प्रत घेऊन आल्या. बापाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. "नाव द्यायचं होतं तर इथे द्यायचं!"

उत्कर्षाने तेही सांगितलं. डार्लीनने पेनाचं टोपण काढलं, आपल्या छापील पुस्तकातली गाव रडल्याची ओळ खोडली आणि समासात लिहायला सुरुवात केली.

"वाल्बुर्गा आयबल. स्पेलिंग?"

"आयबलच्या शेवटी ई नाही!" फ्राऊ आयबल पुस्तकात डोकावत ओरडल्या. एवढं त्यांना दुभाष्याशिवाय कळलं. "अमेरिकेत सगळ्यांना उगाच ई जोडायची खोड आहे."

"आणि मुलाचं नाव?"

"योझेफ. नाही, नाही! शेवटी पीएच नाही, एफ. फ्राऊ गजभिये, सांगा तिला!"

उत्कर्षाने सांगितलं. तोवर पीएच लिहून झालं होतं.

"त्यांना मुलं किती?" डार्लीनने खोडत विचारलं.

"सात," फ्राऊ आयबल म्हणाल्या आणि उत्कर्षाकडे वळल्या. "तुम्हाला अजून थोडा वेळ आहे ना?"

तीन वाजत आले होते. वेळ अजिबात नव्हता. उत्कर्षाने खुर्ची पुढे ओढली आणि सातही नावं एकेक करून सांगितली. डार्लीनने त्यातली तीन चुकीची लिहिली.