माझंही उद्यापन झालं होतं

मी बोलते आहे खरी, पण माझा आवाज म्हणजे नुसती फुंकर. वीतभर लांबीची करडी पेटी मी. एक मऊ नळी, आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मुखवटा. कारखान्यातलं माझं नाव लांबलचक आहे. बेला गावात मला श्वासाची पेटी म्हणतात, आणि मला तेच आवडतं.

कारखान्यात मला एवढंच शिकवलं होतं की फुंकर सोडायची आणि समोरून श्वास येतो का ते टिपून ठेवायचं. तो श्वास कुणाचा असेल, तो माणूस दिवसा काय करत असेल, हे कुणी सांगितलं नाही. खोक्यात बसल्या बसल्या मी तोच विचार करायची.

आदिलाबादहून मी आले ती बयनाबाईंच्या मांडीवर. बसमध्ये शेजारणीनं विचारलं, मिक्सर घेतला का?

"नाई वं," बयनाबाई म्हणाल्या, "मालकाची झोप घेतली."

त्यांचे मालक भगवानराव शाळेची व्हॅन चालवतात. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं सकाळी शाळेत आणायची आणि संध्याकाळी घरी सोडायची. त्यांचं घोरणं गावभर गाजलेलं. शेजारच्या मालनबाई म्हणत, यांच्यापायी आमची म्हैस दूध चोरते. लोक हसत. मला याचं अजून नवल वाटतं. घोरण्याला सगळे हसतात, पण ते मधेच थांबतं तेव्हा कुणी कान देत नाही.

बयनाबाई देत. जपमाळ हातात घेऊन त्या पडून राहत. भगवानरावांचा श्वास अडला की मणी ओढू लागत. कधी बारा, कधी वीस मणी सरत, तेव्हा कुठे ते गचका देऊन श्वास घेत. दुपारी जेवायला बसले की भाकरीचा तुकडा हातात धरून पेंगत.

हे दुखणं आहे हे ओळखलं साक्षी टीचरनं. ती रोज व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसते. तिच्या वडिलांकडे, नागसेन कारकुनांकडे, माझीच एक बहीण आधीपासून होती. डॉक्टरांनी भगवानरावांना एक रात्र वायरी लावून झोपवलं आणि सांगितलं, झोपेत घसा मिटतो, तासाला तीस-चाळीस वेळा श्वास अडतो. पेटी लावून झोप सुधारल्याचं दिसेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी मुखवटा पाहून भगवानरावांनी तोंड फिरवलं. "आता म्या हत्तीची सोंड लावून झोपू का?"

"गणपतीले नाई का सोंड?" बयनाबाई शांतपणे म्हणाल्या. "त्याची तं आरती करून राह्यलो आपण."

भगवानरावांनी मुखवटा नाकावर चढवला. ते झोपले, मी फुंकर धरली, आणि त्या रात्री माळेचे मणी मोजायची वेळ आली नाही.

श्रावणातला पहिला सोमवार होता तो. बयनाबाईंनी त्याच दिवशी सोळा सोमवार धरले. मालकाची झोप बरी होऊ दे, एवढंच मागणं. रोज सकाळी त्या फुंकर ओलसर ठेवणारी माझी पाण्याची डबी धूत, ती अभिषेकाच्या तांब्यासारखी हळूच पालथी घालत. मेडिकलमधून आणलेलं शुद्ध पाणी भरत. माझ्या कपाळावर, म्हणजे बटणाच्या वर, हळदीचं एक बोट ओढत. कारखान्यात असं कुणी केलं नव्हतं. मी कोण आहे, असा प्रश्न मला पहिल्यांदा तेव्हा पडला.

महिन्याभरानं डॉक्टरांनी माझ्यातलं नोंदींचं कार्ड तपासलं आणि भगवानराव पुन्हा व्हॅनवर गेले. पेंगणं गेलं, सकाळचं डोकं दुखणं गेलं. जेवताना ते गोष्टी सांगू लागले. मला वाटलं, दिवसा माणूस काय करतो ते हे असावं.

मग सतरावा सोमवार आला. चुरम्याचा प्रसाद झाला, सवाष्णी जेवल्या. संध्याकाळी बयनाबाईंनी मला स्वच्छ पुसलं, हळदकुंकू वाहिलं, नळी गोल गुंडाळली, आणि लाल कापडात बांधून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं. मला नमस्कार केला. व्रत पूर्ण झालं, मागणं मिळालं, आता पेटीला मोकळं करायचं. भगवानरावांना नाकावरचा वळ चुकला म्हणून आनंदच झाला.

त्या लाल अंधारात मी घंटा ऐकली, कापराचा वास घेतला. मान मिळाला होता. पण समोरून श्वास येत नव्हता, आणि पलीकडच्या खोलीतून पुन्हा ते घोरणं येऊ लागलं. थंडीचे दिवस आहेत, सर्दी असंल, असं बयनाबाई म्हणाल्या. पण माळेचा आवाज मी ऐकत होते. बारा मणी. अठरा. फळीखाली येऊन बयनाबाई कापडाला हात लावत आणि हात मागे घेत. संपवलेलं व्रत उकललं तर देवानं दिलेलं परत केल्यासारखं होईल, ही भीती त्यांना खात होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी व्हॅन परत आली ती साक्षी टीचरच्या पाठोपाठ, दुसऱ्याच्या हाती. वाटेत धुकं होतं, रस्त्यावर कापसाच्या गाड्या होत्या, आणि भगवानरावांचे डोळे मिटले. टीचरनं स्टिअरिंग ओढलं. एक चाक कपाशीच्या वावरात उतरून गाडी थांबली. चौदा पोरं होती आत. कुणाला खरचटलंही नाही. भगवानराव ओसरीवर खाली मान घालून बसले. टीचरनं व्हॅनची चावी बयनाबाईंच्या हातावर ठेवली.

"काकू, पेटी कुठं हाये?"

"तिचं उद्यापन झालं, बाई."

साक्षी हसली नाही. ती फळीकडं बघत राहिली. "माझे बाबा सहा वर्षांपासून लावतात. पेटीनं घसा बरा नाही होत, काकू. ती असते तोवर उघडा राहतो, एवढंच."

बयनाबाई खाली बसल्या. "मंग माहे सोळा सोमवार वाया गेले का?"

"आमच्या घरी व्रतं नसतात, मला त्यातलं कळत नाही. तुमीच सांगा. ज्याचं उद्यापन करत नाहीत, असं काही असते का?"

 देव्हाऱ्यात वात खाली गेली होती. बयनाबाईंनी सवयीनं उठून ती पुढं सारली, तेल घातलं, आणि हात तिथंच थांबला.

"दिव्याचं नसते," त्या म्हणाल्या. "काल लावला म्हणून आज काऊन लावायचा, असं कोणी म्हणत नाई."

मग त्यांनी देवापुढं हात जोडले, माझी गाठ सोडली आणि मला खाली घेतलं.

त्या दुपारीच भगवानराव मुखवटा लावून झोपले, कुणी न सांगता. महिनाभर व्हॅनवर दुसरा ड्रायव्हर होता. नंतर कार्ड पाहून डॉक्टरांनी हो म्हटलं, पण चावी काही भगवानरावांच्या खिशात परत गेली नाही. ती देव्हाऱ्यात समईजवळ असते. रोज सकाळी बयनाबाई चष्मा लावून माझ्या पडद्यावर वाकतात आणि रात्री मुखवटा किती तास लावला ते वाचतात. आकडा पाच किंवा वर असला की चावी भगवानरावांच्या हातात देतात; पाचाखाली असला की ती पदराला बांधतात आणि दुसरा ड्रायव्हर बघायला टीचरला फोन करतात. तसं दोनदा झालं. भगवानराव पुटपुटले, पण बसून राहिले.

आता मी त्यांच्या उशाशी स्टुलावर असते. नळी जुनी झाली, एकदा बदलली. हळदीचा डाग मात्र बटणावर पक्का बसलाय. तुमच्या घरी कुणाचं घोरणं मधेच थांबत असेल तर हसण्याआधी थोडं ऐका, आणि डॉक्टरांना सांगा. माझी कुणी बहीण घरी आली तर तिला हळदीचं बोट ओढा, नको वाटलं तर ओढू नका. फक्त लाल कापडात बांधू नका.

आज पडद्यावर सात आहे. बयनाबाईंनी दिवा लावला. समईजवळून चावी उचलल्याचा आवाज आला.