लांब्याचा अर्क

"नाक दाब आणि गटकन पी. जिभेला कळायच्या आत."

"तुझं भाषण संपलं की पिते," असं म्हणत ताईने गाडीच्या टपावरची बाटली उचलली.

ड्रायव्हिंग स्कूलच्या अंगणात पहिली विद्यार्थिनी अजून यायची होती. ताई इथे गाडी शिकवायची. अर्धं गाव तिच्या ओरड्याखाली क्लच सोडायला शिकलं होतं. समोर तिचा धाकटा भाऊ उभा होता, नळ-पाइपांची कामं करणारा. उंची अशी, की कुणाच्याही घरात शिरताना आधी डोकं सांभाळायचा. ताई त्याला लहानपणापासून लांब्याच म्हणायची. तिने डोळे मिटून बाटलीतला गडद हिरवा अर्क संपवला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"कसं लागलं?"

"शेवाळ चाटल्यासारखं."

"म्हणजे उतरतंय अंगात," लांब्या समाधानाने म्हणाला.

ताईच्या स्तनात गाठ निघाली, केमो सुरू झाली, आणि त्याच सुमारास लांब्या कुणाच्या तरी सांगण्यावरून एका सभागृहात जाऊन बसला. तिथे एका गोडबोल्या माणसाने सांगितलं, की अमुक झुडपाच्या पाल्याचा अर्क घेतला की गाठ विरघळते. साधा वॉशर घेताना दुकानदाराला भंडावून सोडणारा लांब्या, एक प्रश्न न विचारता घरी आला. आई याच दुखण्याने गेली तेव्हा तो शाळकरी पोर होता, आणि 'तू बाहेर खेळ' एवढंच सगळे त्याला सांगत होते. आता तो रोज उजाडताच नाल्यापलीकडे जायचा, पाला खुडायचा, वाटायचा, गाळायचा. बोटं हिरवी ती हिरवीच.

पुढच्या केमोच्या दिवशी डॉक्टरीणबाई रक्ताचा रिपोर्ट बराच वेळ बघत राहिल्या.

"यकृताला सूज आहे. आज औषध देता येणार नाही. बाहेरचं काही घेता का? काढा, चूर्ण, रस?"

"छे, काही नाही," ताई म्हणाली.

शेजारच्या खुर्चीत पाय कसेबसे मावलेला लांब्या खाकरला. "घेते. मी देतो. रोज."

ताईने टेबलाखालून त्याला लाथ मारली.

"मारू नकोस," तो म्हणाला. "विचारतायत, तर सांगू दे."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "असल्या अर्काने कॅन्सर बरा झाल्याचं कुणी सिद्ध केलेलं नाही. यकृत बिघडलेलं मात्र मी पाहिलंय. आजपासून बंद. सूज उतरली की केमो पुन्हा सुरू करू."

"तोवर गाठ वाढली तर?" लांब्या म्हणाला.

"म्हणून तर म्हणते, बंद करा."

बाहेर येऊन ताई गाडीत बसली, पण तिने किल्ली फिरवली नाही.

"खोटं का बोललीस?" लांब्याने विचारलं.

"तुला बोलणी बसली असती."

"बसू दे की. तुला खरंच वाटत होतं, गाठ विरघळेल?"

"नाही रे."

"मग का पीत होतीस?"

"तू रोज सकाळी यायचास. तुझं लग्न झाल्यापासून इतका कधी आलास?"

"मी तसाही आलो असतो."

"नसतास आलास. तुला रिकाम्या हाताने कुठे जाता येतं?"

हिरव्या बोटांनी लांब्याने नाक पुसलं, आणि ताईने गाडी सुरू केली.

सूज उतरली. केमो पुन्हा सुरू झाली. लांब्या रोज तिच्या घरी येत राहिला. सुरुवातीला हातांचं काय करावं ते त्याला कळेना. न गळणारे नळसुद्धा त्याने खोलून पुन्हा बसवले. ताईचे केस गेले, मग बोटांच्या टोकांची जाणीव गेली. गिअर हाताला कळेना, तेव्हा तिने गाडी शिकवणं सोडलं.

एका सकाळी हॉस्पिटलला निघताना ती स्वेटरच्या बटणांशी झटत होती. बटण हाती यायचं, काज सापडायचं नाही. लांब्या दारात उभा होता. तिच्यासमोर गुडघे टेकून तो खालून एकेक बटण लावत वर आला. मधलं एक चुकलं. सगळी सोडून त्याने पुन्हा खालपासून सुरुवात केली. ताई हनुवटी वर करून, खिडकीबाहेर बघत, स्वस्थ उभी राहिली.