निळ्या खडूची रेघ

सगळ्या गल्लीचे कपडे मी शिवते, पण स्वतःच्या अंगाला टेप कधी लावली नाही. माझे झगे सगळे अंदाजपंचे. कापड अंथरायचं, वर हातभर जास्त सोडायचं आणि मारायची कात्री. झाकली मूठ सव्वा लाखाची!

वजन कमी करायच्या ऑपरेशनला तीन महिन्यांनंतरचा नंबर लागला. त्याआधी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंची सही हवी. त्यांनी विचारलं, "वजन गेल्यावर कोण उरेल?" माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, "भूत उरेल!" त्या हसल्या नाहीत. "उत्तर घेऊन पुढच्या आठवड्यात या," म्हणाल्या. सही राहिली.

खरं सांगू? मला भीती वाटली होती. चाळीस वर्षं मी सगळ्यांची 'ढोली'. माझ्यावरचे विनोदसुद्धा आधी मीच करते. ढोली गेली आणि मागे राहिली तिला मीच ओळखलं नाही तर?

धाकट्या बहिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, "ताई, गिऱ्हाइकाला तू कोण म्हणून विचारत बसतेस का? माप घेतेस ना!"

मोठी शहाणी! चिडून मी जमिनीवर मोठा कागद पसरला आणि नुसत्या नजरेनं माझी आकृती काढली. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याची छाती-कंबर सांगणारी नजर आहे ही. "आता झोप त्यात," बहीण म्हणाली. मी आडवी झाले आणि तिनं निळ्या खडूनं माझ्याभोवती रेघ ओढली. काखेत गुदगुल्या झाल्या, दोघी खिदळलो.

उठून बघते तर काय! निळी रेघ माझ्या रेघेच्या चांगली वीतभर आत, सगळीकडून. खांदे उतरते, आईसारखे. डावं पाऊल जरा बाहेर वळलेलं, जन्मापासूनचं. "अगं बाई, ही मी?" कुणाच्या मापात बोटभर चुकत नाही मी, आणि माझ्याच मापात एवढी चुकले! डोळे भरून आले, ते पुसलेही नाहीत.

पुढच्या आठवड्यात बाईंच्या खोलीत तो कागद उलगडला. "ही उरेल," म्हटलं. "आत्ताही हीच आहे." बाई खुर्चीतून उठल्या, पाय पडू नये म्हणून जपून कागदाभोवती फिरल्या आणि मग त्यांनी सही केली.

घरी येऊन मी नवं कापड काढलं. बहीण ओरडली, "अगं, बारीक झाल्यावर शीव की! कशाला वाया घालवतेस?"

मी टेप तिच्या हातात दिली, हात वर केले आणि आजचं माप घ्यायला सांगितलं.